हात की हस्त? वरच्या पायरीवरचं जपानी

पुण्यात जपानी शिकलेले पुष्कळ लोक भेटतात. त्यातले बरेचसे एन-३ पर्यंत (जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची मधली पायरी; एन-५ सगळ्यात सोपी, एन-१ सगळ्यात अवघड) सुखाने जातात आणि तिथे थबकतात. हिरागाना-काताकाना (जपानीच्या दोन उच्चारलिप्या) कधीच पाठ झालेलं असतं, सहा-सातशे कांजी ओळखता येतात (इथली कांजी म्हणजे चित्राक्षरं, कपड्यांची खळ नव्हे), दुकानात, स्टेशनवर काम भागतं. मग एके दिवशी जपानी वर्तमानपत्राचा अग्रलेख समोर येतो आणि पहिल्याच वाक्यात माणूस बुडतो. अशा वेळी सगळे एकच निष्कर्ष काढतात, की कांजी कमी पडले. मग कार्ड्स, ॲप्स, रोज वीस नवे कांजी वगैरे सुरू होतं.

माझं मत वेगळं आहे. कांजी लागतात, त्याला इलाज नाही. सरकारी यादीत, म्हणजे 'जोऽयोऽ कांजी'त, 2010च्या दुरुस्तीनंतर 2136 चिन्हं आहेत. त्यातली 1026 तिथली मुलं प्राथमिक शाळेच्या सहा वर्षांत शिकतात. आकडा मोठा असला तरी त्याला अंत आहे. अडतं ते बहुधा दुसरीकडे: शब्दांचा वरचा थर आणि वाक्याचं शेपूट. गंमत अशी, की या दोन्ही गोष्टी मराठी माणसाला घरच्या आहेत, फक्त त्या तशा आहेत हे कुणी सांगितलेलं नसतं.

(पुढे जपानी शब्दांत जिथे ऽ दिसेल तिथे स्वर लांबवायचा.)

हातापासून सुरुवात करू. जपानीत हातासाठी एकच चिन्ह आहे. ते एकटं आलं की वाचायचं 'ते'. 'तेगामी' म्हणजे हात आणि कागद, अर्थात पत्र. 'काराते' म्हणजे रिकामा हात. पण तेच चिन्ह 'आकुशु' (हस्तांदोलन) या शब्दात 'शु' होतं. 'शुजुत्सु', हात आणि कौशल्य, म्हणजे शस्त्रक्रिया. 'काशु', गाणं आणि हात, म्हणजे गायक. 'सेन्शु', निवडलेला हात, म्हणजे खेळाडू. नवशिक्या वैतागतो: एका चिन्हाचे दोन उच्चार कशाला?

आता मराठी पाहा. आपण हातरुमाल म्हणतो, हातमाग म्हणतो. पण अक्षर आलं की 'हस्ताक्षर', कला आली की 'हस्तकला', लिखित आलं की 'हस्तलिखित'. 'हाताक्षर' किंवा 'हस्तरुमाल' कुणी म्हणत नाही. घरचा शब्द घरच्याशी जुळतो, संस्कृत शब्द संस्कृताशी. आपल्याकडे हात आणि हस्त वेगळे लिहिले जातात, म्हणून हा नियम आपण न शिकता पाळतो. कल्पना करा, की 'हात' आणि 'हस्त' या दोन्हींसाठी लिपीत एकच चित्र असतं. मग ते चित्र कसं वाचायचं हे शेजारच्या शब्दावरून ठरवावं लागलं असतं. जपानीत नेमकं हेच होतं. घरच्या उच्चाराला 'कुन' म्हणतात आणि चीनहून आलेल्याला 'ओन'. आपल्या तद्भव-तत्समाचं हे जपानी रूप समजा. अपवाद आहेत, काही शब्द अर्धे इकडचे अर्धे तिकडचे असतात, आणि जपानी व्याकरणात त्या सरमिसळीलाही नावं आहेत. पण नियम म्हणून हे पुरेसं आहे.

चीनहून उच्चार एकदाच आले असते तर बरं झालं असतं. ते तीन खेपांत आले. आधी दक्षिण चीनकडचे, मुख्यतः बौद्ध धर्माबरोबर. मग सातव्या ते नवव्या शतकांत तांग राजवटीच्या राजधानीतले. आणि पुढे झेन भिक्षू आणि व्यापारी यांच्याबरोबर तिसरे. 'जाणे' या अर्थाचं चिन्ह 'ग्योऽजी' (समारंभ) मध्ये ग्योऽ होतं, 'गिन्कोऽ' (बँक) मध्ये कोऽ होतं आणि 'आन्दोन' (कागदी कंदील) मध्ये आन होतं. एकाच चिन्हात तीन काळांचे थर. यादी करून हे पाठ होत नाही, कुणी करूही नये. शब्द शिकावा, उच्चार त्याच्याबरोबर येतो. 'हस्तांतर' शिकताना कुणी आधी 'हस्त'चे उपयोग पाठ केले होते का?

आणि काही ठिकाणी नियमच सुटतो. 'वर' आणि 'हात' ही चिन्हं शेजारी आली की 'जोऽझु', म्हणजे निपुण. 'खाली' आणि 'हात' म्हणजे 'हेता', अनाडी. यात कुठला आवाज कुठल्या चिन्हाचा, हे विचारायचं नाही. जोडीला मिळून एक उच्चार दिला आहे. त्यावर कडी म्हणजे तीच 'वर-हात' जोडी रंगभूमीच्या संदर्भात 'कामिते' वाचतात आणि कुस्तीच्या संदर्भात 'उवाते'.

वरच्या पायरीवरचा खरा खजिना या तत्सम थरात आहे. वर्तमानपत्र, कायदा, विज्ञान, कार्यालयीन कागद सगळं यातच चालतं. मेइजी काळात, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, पाश्चात्त्य कल्पना आल्या तेव्हा जपान्यांनी चिनी धातूंतून नवे शब्द घडवले. फिलॉसॉफीला 'तेत्सुगाकु' हा शब्द त्या काळचे विचारवंत निशी आमाने यांनी घडवला, तो आजही रूढ आहे. आपल्याकडे संस्कृतातून 'महापौर' घडला, तीच रीत. त्यामुळे हे शब्द समासासारखे उलगडतात. एक खरा कायदा घ्या: 'चिक्यू ओन्दानका ताइसाकु सुइशिन होऽ'. दहा कांजी सलग, मध्ये एकही प्रत्यय नाही. चिक्यू पृथ्वी, ओन्दान उबदार, का म्हणजे आपलं '-करण', ताइसाकु उपाययोजना, सुइशिन चालना, होऽ कायदा. पृथ्वी-उष्णीकरण-उपाय-चालना-कायदा. सामासिक शब्दांवर पोसलेल्या मराठी वाचकाने याला घाबरायचं कारण नाही.

या समासांचे सांधे थोडेच आहेत. 'का' म्हणजे -करण, 'सेइ' म्हणजे -ता किंवा -त्व, 'तेकी' म्हणजे -इक. नकारासाठी चार उपसर्ग: फु, मु, हि आणि मि. पहिले तीन आपल्या अ-, निर्-, गैर- यांच्या आसपास फिरतात. चौथा 'मि' मला सगळ्यात आवडतो, कारण त्याचा अर्थ 'नाही' असा नसून 'अजून नाही' असा आहे. 'मिकोन' म्हणजे अजून लग्न न झालेला. 'मिराइ', अजून न आलेलं, म्हणजे भविष्यकाळ. हा शब्द बौद्ध ग्रंथांच्या चिनी भाषांतरातून आला आणि मूळ संस्कृत शब्द आहे 'अनागत'. न-आलेलं. तुकडा तुकडा जुळतो. 'सेत्सुना' म्हणजे आपला क्षण, 'नाराकु' म्हणजे नरक, आणि दुकानदार गिऱ्हाइकाला किंवा बायको नवऱ्याला उद्देशून वापरते तो 'दान्ना' हा शब्द 'दान' वरून आला आहे. जपानी शब्दकोशाचा अ-इ-उ-ए-ओ, क-स-त-न-ह-म-य-र-व हा क्रमही आपल्या वर्णमालेवरूनच गेलेला. शब्दकोश उघडला की निदान पत्ता ओळखीचा वाटतो.

न पाहिलेला कांजी वाचायची एक युक्ती सांगतो. बहुसंख्य कांजींचा एक भाग अर्थाची दिशा दाखवतो आणि दुसरा आवाजाची. निळ्या रंगाच्या चिन्हाचा चिनी उच्चार 'सेइ'. त्याला पाण्याची खूण लावली की 'स्वच्छ', सूर्याची लावली की 'निरभ्र', तांदळाची लावली की 'सडलेला, शुद्ध' (सडणे म्हणजे कांडून कोंडा काढणे, नासणे नव्हे), वाणीची लावली की 'विनंती करणे'. चारही ठिकाणी चिनी उच्चार 'सेइ'च. मनाची खूण लावली की मात्र 'जोऽ' होतो आणि अर्थ 'भावना'. म्हणजे युक्ती दर वेळी चालत नाही, पण अंदाज बांधायला उत्तम. 'शब्द माहीत नाही पण वाचता येतो' ही अवस्था इथून सुरू होते, आणि तिथून वेग वाढतो, कारण वाचता आला की शब्दकोशात सापडतो.

चिनी भाषेतले सूर जपानीत आले नाहीत, त्यामुळे तिकडे वेगळे ऐकू येणारे शब्द इकडे एक झाले. 'कागाकु' म्हणजे विज्ञान आणि 'कागाकु' म्हणजे रसायनशास्त्रही. शिक्षक वर्गात गोंधळ नको म्हणून रसायनशास्त्राला मुद्दाम 'बाकेगाकु' म्हणतात. 'शिरित्सु' म्हणजे खासगी आणि 'शिरित्सु' म्हणजे महापालिकेचं, तर तोंडी 'वाताकुशिरित्सु' आणि 'इचिरित्सु' असं फोडून सांगतात. कांजी सोडून नुसती हिरागाना का वापरत नाहीत, या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे. उरलेलं अर्धं असं, की जपानीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. 'निवानिवानिवानिवातोरीगाइरु' हे नुसत्या हिरागानात लिहिलं तर वरणभात कालवल्यासारखं दिसतं. कांजी घातले की लगेच फुटतं: निवा (अंगण), नि-वा (प्रत्यय), निवा (पक्ष्यांच्या गणतीतले 'दोन'), निवातोरी (कोंबडी). अंगणात दोन कोंबड्या आहेत. जाड कांजी, मग बारीक प्रत्यय, मग जाड कांजी. हा चढउतारच मोकळ्या जागेचं काम करतो.

आता शेपटाकडे.

जपानी वाक्य क्रियापदावर संपतं, मराठीही. विशेषण नामाच्या आधी, इथेही तसंच. 'मी काल मंडईतून आणलेला आंबा' हे जपानीत त्याच क्रमाने जवळजवळ शब्दाला शब्द उतरतं. इंग्रजीतून जपानी शिकणाऱ्याला इथे डोक्यावर उभं राहावं लागतं, आपण खुर्चीवरच बसलेले असतो. मग तरी अडतं कुठे?

मराठीला पळवाट आहे. विशेषण लांबलं की आपण 'जो-तो' वर येतो: 'जी योजना सरकारने गेल्या वर्षी जाहीर केली, ती...' आणि वाक्य दोन तुकड्यांत मोकळं होतं. 'तो म्हणाला की...' ही दुसरी पळवाट. आजच्या जपानीत या दोन्ही नाहीत. तिथे फक्त 'जाहीर केलेली योजना' आणि 'येणार नाही असं म्हणाला' हीच घडण चालते, मग ती कितीही लांबो. अग्रलेखातलं वाक्य मराठीत त्याच घडणीने लिहिलं तर असं दिसेल: 'गेल्या वर्षी सरकारने जाहीर केलेल्या योजनेमुळे खेड्यांतल्या शाळा बंद पडण्याचा वेग मंदावला असं म्हणणाऱ्यांची संख्या वाढत असली तरी तसं मानणं घाईचं ठरणार नाही असं म्हणता येणार नाही.' योजना चांगली की वाईट? लेखक 'घाईचं आहे' म्हणतो, पण ते शेवटच्या चार शब्दांत कळतं.

म्हणून मी वाक्य आधी शेवटून पाहतो. पूर्णविरामाच्या आधीचं क्रियापद, होकार की नकार, मग मागे येत विषय. विषयाला 'वा' लागतो आणि कर्त्याला 'गा', हे सगळ्यांना पहिल्या महिन्यात शिकवतात. त्याचा खरा उपयोग इथे आहे. 'गा' बहुतेक वेळा आतल्या, छोट्या उपवाक्यात अडकलेला असतो. 'वा' मात्र अधलंमधलं सगळं ओलांडून शेवटच्या क्रियापदाशी जाऊन मिळतो. 'वा' धरा, शेपूट धरा, मधला भाग कंसात टाका. लांब वाक्याचा सांगाडा बहुधा एवढ्याने हाती येतो.

शेपटाचा अर्थ लावायला मराठी कान उपयोगी पडतो. 'नाइ वाके देवा नाइ' म्हणजे आपलं 'नाही असं नाही'. 'तो नो कोतो दा' म्हणजे 'म्हणे', ऐकीव आहे, मी हमी घेत नाही. 'देवा नाइ दारोऽ का' हा प्रश्न दिसतो पण प्रश्न नसतो. 'असं म्हणायला हरकत नसावी ना?' असं विचारून लेखक आपलं ठाम मत मांडतो. व्याकरणाच्या पुस्तकात हे सगळे 'एन-१ चे पॅटर्न' म्हणून क्रमांक लावून येतात आणि कोरडे वाटतात.

माझी एक फजिती सांगतो. एका कंपनीसाठी भाषांतर करताना जपानी बाजूच्या पत्रात 'माएमुकी नि केन्तोऽ इताशिमासु' असं होतं. शब्दशः 'सकारात्मक दृष्टीने विचार करू'. मी तसंच उतरवलं, इकडे पेढे वाटायचे बाकी राहिले. पुढे काहीच झालं नाही. आपल्याकडे 'बघू, कळवतो' म्हणतात ना, त्याचीच ही इस्त्री केलेली आवृत्ती होती. प्रत्येक वेळी नकारच असतो असं नाही, पण होकार मानून चालायचं नाही.

मथळ्यांची तऱ्हा निराळी. जागा वाचवायला प्रत्यय आणि क्रियापदं गाळतात. 'शुशोऽ, होऽबेइ ए' म्हणजे 'पंतप्रधान अमेरिकेला जाणार'. तो शेवटचा इवलासा 'ए' (कडे) भविष्यकाळाचं काम करतो. देश एका कांजीत बसवतात, आणि ते कांजी फक्त आवाजासाठी उसने घेतलेले असतात. अमेरिकेला 'तांदूळ'. भारताला 'शिक्का'. फ्रान्सला चक्क 'बुद्ध', त्यामुळे फ्रेंच राष्ट्राध्यक्षांची बातमी पहिल्यांदा वाचताना मी बराच वेळ कोण हे थोर भिक्षू म्हणून शोधत होतो.

वाचण्याचं एवढं झालं. लिहिण्याचं दुःख वेगळं आहे, आणि त्याचं एक कारण परीक्षा आहे. जेएलपीटी 1984 पासून चालू आहे, 2010 पासून तिच्या एन-५ ते एन-१ अशा पाच पायऱ्या आहेत, आणि एकाही पायरीवर एक ओळ लिहायला लागत नाही. सगळे पर्यायी प्रश्न. एन-१ ला 180 पैकी 100 गुण मिळवले आणि तीन विभागांत प्रत्येकी 19 ची किमान रेषा ओलांडली की झालं. त्यामुळे एन-१ चं प्रमाणपत्र भिंतीवर असलेल्या माणसाला साधं निवेदन लिहिता येत नाही, ही अवस्था मुळीच विरळ नाही. माझी होतीच.

त्यात यंत्राची भर. 1978 मध्ये तोशिबाने पहिला जपानी वर्ड प्रोसेसर जाहीर केला, किंमत 63 लाख येन. आवाज टाइप करा, यंत्र कांजी सुचवेल, तुम्ही निवडा. आज फोनवर हेच होतं. याने लिहिणं सोपं झालं, पण हात विसरला. खुद्द जपानी लोकही साधा कांजी लिहिताना अडतात आणि त्यासाठी 'वाऽपुरो-बाका' (वर्ड प्रोसेसरमुळे झालेला ढ) असा शब्द आहे. 'कोऽशोऽ' टाइप केलं तर वाटाघाटी, शाळेचा बिल्ला, नोटरीचा दाखला असे एकामागून एक पर्याय येतात. म्हणजे लिहिता आलं नाही तरी चालेल, पण बरोबर चिन्ह पाहताक्षणी ओळखता आलंच पाहिजे. हाताने लिहायचा सराव किती करावा यावर वाद आहेत. माझ्यापुरतं उत्तर असं: स्वतःचा पत्ता, अर्जातले नेहमीचे शब्द आणि ज्या कांजींत डोळा फसतो तेवढे हाताने, बाकी यंत्रावर. रेघेच्या टोकाला हुकासारखं वळण काढलं की नाही यावरून शिक्षक गुण कापत, पण जपान सरकारच्या सांस्कृतिक व्यवहार विभागाने 2016 मध्ये मार्गदर्शिका काढून असे बरेच फरक चालतात हे स्पष्ट केलं.

निबंधाला खास कागद असतो, 'गेन्कोऽ योऽशी': वीस गुणिले वीस, 400 चौकोन, एका चौकोनात एक अक्षर, विरामचिन्हालाही स्वतंत्र घर. म्हणूनच जपानीत लेखाची लांबी शब्दांत न मोजता अक्षरांत मोजतात. आणि लेखी भाषा बोलीपासून लांब आहे. बोलताना 'दाकारा', लिहिताना 'शितागात्ते'. बोलताना 'देमो', लिहिताना 'शिकाशी'. आपण बोलताना 'म्हणून' आणि 'पण' म्हणतो आणि अर्जात 'सबब' आणि 'परंतु' लिहितो, तसं. वाक्याचा शेवट 'देसु-मासु' (नम्र वळणाचा) ठेवायचा की 'दे आरु' (कोरडा, लेखी), हे एकदा ठरवलं की शेवटपर्यंत पाळायचं. परक्याचं लेखन या एका गोष्टीत सगळ्यात आधी उघडं पडतं.

सरावासाठी मला एकच गोष्ट मनापासून उपयोगी पडली: उतरवून काढणं. आसाही शिम्बुन दैनिकात 'तेन्सेइ जिंगो' नावाचं रोजचं स्फुट 1904 पासून चालू आहे, जेमतेम सहाशे अक्षरांचं. ते हाताने वहीत उतरवण्याची सवय जपानी लोकांत इतकी आहे, की दैनिकाने त्यासाठी आखलेली वहीच काढली. महिनाभर उतरवलं की वाक्य कुठे तोडायचं हे हाताला कळू लागतं. पैसे खर्च करायचे नसतील तर 'आओझोरा बुन्को' या मोफत संग्रहात स्वामित्वहक्क संपलेलं साहित्य आहे. फक्त जुन्या वळणाची भाषा उचलून कार्यालयीन पत्रात घालू नका, लोक हसतात.

पत्राचं मात्र आपल्या आजोबांना लगेच जमलं असतं. 'ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.' आणि शेवटी 'कळावे, लोभ असावा' ही चौकट ज्याने पाहिली आहे त्याला 'हाइकेइ' ने सुरुवात आणि 'केइगु' ने शेवट यात नवल वाटणार नाही. ही जोडी ठरलेली असते. घाईचं पत्र असेल तर 'झेन्र्याकु', म्हणजे 'उपचार वगळून', आणि मग शेवटी 'सोऽसोऽ'. हाइकेइ लिहून सोऽसोऽ ने संपवणं चुकीचं. हाइकेइनंतर ऋतूचा उल्लेख हवा: मे महिन्यात कोवळ्या हिरवाईचा, ऐन उन्हाळ्यात काहिलीचा. ईमेलमध्ये हे सगळं गळालं आणि 'ओसेवा नि नात्ते ओरिमासु' (आपला लोभ आहेच) हे एक वाक्य उरलं.

समोरच्याच्या कंपनीला 'आपली कंपनी' म्हणायचं असेल तर बोलताना 'ओन्शा' आणि लिहिताना 'किशा'. कारण 'किशा' म्हणजे पत्रकार आणि आगगाडीही. कागदावर कांजी वेगळे असतात म्हणून चालतं, कानाला कळत नाही. नोकरीच्या मुलाखतीत यावरून उमेदवाराची पारख होते असं तिथले मार्गदर्शक बजावतात.

एवढं सगळं जमल्यावरही एक गोष्ट कुणालाच जमत नाही: व्हिजिटिंग कार्डावरचं नाव. 'पूर्व-समुद्र-वन' अशा तीन कांजींचं आडनाव कुणाचं 'शोऽजी' असतं तर कुणाचं 'तोऽकाइरिन'. पाहून सांगता येत नाही. जपानी लोक सरळ विचारतात, 'नान् तो ओयोमी सुरेबा योरोशिइ देशोऽ का', म्हणजे कसं वाचायचं? आपणही विचारावं, त्यात कमीपणा नाही. खुद्द सरकारी कुटुंब नोंदवहीत नावाचा उच्चार लिहिण्याची तरतूद 26 मे 2025 पासून लागू झाली. तोवर त्या नोंदवहीत नुसते कांजी होते.